दगडांच्या रिंगणातली थडगी

कामठा म्हटले की नागपूरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे कामठी ना?" नाही. कामठी ही कन्हानकाठची, इंग्रजांनी वसवलेली छावणी. कामठा गोंदिया जिल्ह्यातले, जुन्या जमीनदारीचे गाव. 1818 मध्ये इथल्या चिमणा पाटलाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले, कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने ते बंड मोडले आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. गावाचा लिखित इतिहास साधारण इथून मागे फार जात नाही.

हा मुलूख धानाचा. तलाव, बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या. बांधीत दगड दिसला की तो उचलून धुऱ्यावर टाकायचा, ही शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला नागपूरच्या पश्चिमेच्या माळावर नेऊन उभे केले, तर तो पहिल्यांदा एकच गोष्ट विचारेल: हे एवढे दगड कोणी उचलले नाहीत कसे? काळ्या पाषाणाचे मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले, एका रिंगणापलीकडे दुसरे, त्यापलीकडे तिसरे. एकट्या जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे रिंगणे आहेत. आणि प्रत्येक रिंगण म्हणजे एक थडगे.

थडग्यांची यात्रा म्हटली की डोळ्यांसमोर इजिप्त येते. तिथेही आता जाणकार प्रवासी पिरॅमिडची गर्दी टाळून आडवाटेला वळतात. स्वतःचा गाईड घेऊन बेनी हसनला जातात. तिथे नाईलच्या पूर्वेच्या कड्यात 39 थडगी खोदलेली आहेत आणि त्यांतल्या काहींच्या भिंतींवर कुस्तीगीरांच्या जोड्या डाव-पेचांसकट रंगवलेल्या आहेत. कोणी आणखी दक्षिणेला एल-काबला जातो. तिथे इबानाचा मुलगा आहमोस नावाच्या एका दर्यासैनिकाचे थडगे आहे. कोणत्या लढाईत आपण शत्रूचे किती हात कापून आणले आणि त्याबद्दल राजाने किती वेळा सोने दिले, याचा हिशेब त्याने साडेतीन हजार वर्षांपूर्वी भिंतीवर कोरून घेतला. कुलूप उघडायला पहारेकरी, वाचून दाखवायला गाईड, आणि बाकीचे काम भिंत करते.

विदर्भात भिंत नाही. दार नाही, चित्र नाही, अक्षर नाही. तिकीटखिडकीही नाही. म्हणूनच इथे वाटाड्याची गरज इजिप्तपेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे. एल-काबला एकटा गेलेला माणूस निदान रंग तरी पाहून येईल. जुनापाणीला एकटा गेलेला माणूस रिंगणाच्या मधोमध उभा राहून फोनवर विचारेल की थडगी नेमकी कुठे आहेत.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. नागपूरहून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी. जायचे ते हिवाळ्यात. पावसाळ्यात गवत कंबरेइतके वाढते आणि त्यात रिंगणे बुडून जातात. दोन वाटाडे मिळाले तर सोन्याहून पिवळे. एक त्या शिवारात गुरे चारलेला, ज्याला कोणता गोटा कुठे आहे हे पायांनी ठाऊक असते. दुसरा उत्खननाचे अहवाल वाचलेला. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात शिकलेली मुले यासाठी उत्तम. पहिला जागा दाखवतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. दोघांचे एकमेकांशी पटले नाही तर अधिक चांगले. वाद घालताना दोघेही जास्त बोलतात.

जाणता वाटाडा आधी गोट्यांकडे नाही, मधल्या जमिनीकडे बोट दाखवतो. रिंगणाच्या आतली माती आजूबाजूच्या माळापेक्षा किंचित उंच असते, पालथ्या परातीसारखी. ही उंची निसर्गाची नव्हे. मेलेल्या माणसाचा देह, किंवा आधी दुसरीकडे ठेवून मग गोळा केलेली त्याची हाडे, उथळ खड्ड्यात वा नुसत्या जमिनीवर मांडायची; शेजारी भांडी, हत्यारे, दागिने ठेवायचे; मग दुसरीकडून आणलेली काळी चिकण माती, वर मुरूम आणि दगडगोटे भरायचे; आणि भोवती मोठे गोटे लावून जागा बंद करायची. रिंगणांचा व्यास पाच-सात मीटरपासून वीस मीटरच्या आसपासपर्यंत असतो. जमिनीच्या पोटात खोल जाण्याऐवजी थडगे जमिनीवर रचायचे, अशी ही कल्पना. इजिप्तच्या राजांनी चोरांच्या भीतीने डोंगर पोखरले. इथल्या लोकांनी थडगी उघड्या माळावर, दुरून दिसतील अशी ठेवली.

ही माणसे कोण? गावात विचारले की जुनी माणसे सांगायची, गवळ्यांची. फार पूर्वी इथे गवळी राजे होते, हे दगड त्यांचे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही हेच ऐकून लिहून ठेवले. पुरातत्त्वाचे उत्तर कमी रसाळ पण जास्त भक्कम आहे: इसवी सनापूर्वी सुमारे 800 ते 400 या काळात, थोडे मागेपुढे, विदर्भात लोखंड वापरणारे, शेती आणि गुरे राखणारे, घोडा जाणणारे लोक होते. महापाषाण संस्कृती हे त्यांना आपण दिलेले नाव. ते स्वतःला काय म्हणत, हे सांगणारे एकही अक्षर त्यांनी मागे ठेवलेले नाही. महाराष्ट्रातली अशी स्थळे जवळजवळ सगळी विदर्भातच आहेत. नागपूर जिल्ह्यात तर टाकळघाट, खापा, हिंगणा, निलडोह, वडधामणा, बोरगाव, माहुरझरी, नैकुंड अशी रांगच लागते.

या रिंगणांचा शोध घेणाऱ्यांची कथा थडग्यांइतकीच सांगण्यासारखी आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. धर्मप्रचार, शाळा, भूगर्भशास्त्र, गोंडी भाषा अशा अनेक गोष्टी त्याने एकाच आयुष्यात केल्या. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. 1863 च्या सप्टेंबरात तो चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या दौऱ्याबरोबर टाकळघाटला गेला, तिथली दगडी रिंगणे पाहायला. 4 सप्टेंबरला परतताना अंधारात पुराने फुगलेला नाला ओलांडायला लागला आणि त्यात बुडून मेला. वय 45. त्याने जमवलेली गोंडांविषयीची टिपणे टेंपलने 1866 मध्ये छापून काढली. त्याच 1863 साली नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले, लोक ज्याला अजबबंगला म्हणतात. विदर्भातल्या थडग्यांच्या अभ्यासाचा पहिला बळी आणि पहिले संग्रहालय एकाच वर्षातले, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

त्याच्यानंतर आला हॅरी रिव्हेट-कार्नॅक. हा मध्य प्रांताचा कापूस आयुक्त. कापसाचे बी, गठाणी आणि भाव यांचा हिशेब ठेवायला नेमलेल्या या साहेबाने दौऱ्यांत दगडांची रिंगणे मोजली, काही उघडली, आणि 1879 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. त्या काळी जुनापाणीतून निघालेल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोहोचल्या. त्याच्या नजरेत विशेष भरले ते गोट्यांवरचे खळगे.

हे खळगे म्हणजे जुनापाणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट. काही गोट्यांच्या पाठीवर वाटीसारखे छोटे, गोल खळगे ठोकून काढलेले आहेत. कधी एका रांगेत, कधी दोन रांगा एकमेकींना छेदतात. भर दुपारी ते दिसतच नाहीत. वाटाडा अनुभवी असेल तर तो तुम्हाला सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणतो. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि कोरा वाटलेला दगड एकदम ठिपक्यांचा होतो. रिव्हेट-कार्नॅकला हे पाहून ब्रिटनमधल्या प्राचीन दगडांवरचे तसेच खळगे आठवले. दोन टोकांच्या लोकांत काही नाते असेल का, या विचाराने तो झपाटला. आज ते नाते कोणी मानत नाही. कठीण दगडावर खूण करायची तर खळगा ही माणसाला सुचणारी अगदी साधी खूण आहे. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी जुनापाणीचे खळगेवाले दगड रिंगणात कोणत्या दिशेला येतात हे मोजले, आणि त्या दिशा वाटेल तशा विखुरलेल्या नसून ठरावीक बाजूंना झुकतात असे त्यांना आढळले. सूर्याच्या उगवत्या-मावळत्या जागांशी याचा संबंध असू शकतो. असू शकतो, एवढेच. मोबाइलवर कंपास लावून दगडामागून दगड तपासणाऱ्या हौशी मंडळींनी हा 'शकतो' विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी 1961-62 मध्ये जुनापाणीची काही रिंगणे शास्त्रशुद्ध पद्धतीने खणली. पण या थडग्यांना खऱ्या अर्थाने बोलते केले ते आधी नागपूर विद्यापीठात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या शां. भा. देव यांनी. 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा, 1970 ते 72 माहुरझरी, 1978 ते 80 नैकुंड. हिस्लॉप जिथून परतला नाही, त्या टाकळघाटला देवांना त्या लोकांची वस्ती सापडली आणि खाप्याला त्यांची थडगी. घरे एकीकडे, मेलेली माणसे दुसरीकडे. गाव आणि मसणवटा यांच्यामधली ही वाट आपल्याकडे अजून तशीच आहे.

रिंगणांतून निघालेल्या वस्तू पाहिल्या की या लोकांच्या पोटातली आस्था कळते. काळी-तांबडी भांडी, आतून काळी आणि बाहेरून तांबडी, भट्टीत उलटी ठेवून भाजलेली. अभ्रकाने चमचमणारी तांबड्या मातीची भांडी. तांब्याची झाकणे, त्यांतल्या काहींच्या माथ्यावर धातूचेच छोटे पक्षी बसवलेले. अकीक, कार्नेलियन, स्फटिक यांचे मणी. माहुरझरी पुढे कितीतरी शतके मणी घडवणाऱ्यांचे गाव राहिले. थोडे सोने. आणि लोखंड तर इतके की बघतच राहावे: खंजीर, बाणांची टोके, पटाशा, कुऱ्हाडी. त्या कुऱ्हाडींचे एक वैशिष्ट्य खास विदर्भाचे. पात्यावर लोखंडाच्याच पट्ट्या आडव्या आवळलेल्या असतात, दांडा घट्ट बसावा म्हणून. कुऱ्हाड दांड्यातून निसटली की काय होते हे ज्याने लाकूड फोडले आहे त्याला विचारा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराने ही अडचण ओळखून तिच्यावर उपाय काढला होता.

लोखंडाच्या बाबतीत इजिप्तशी तुलना मजेदार आहे. तुतनखामेनच्या ममीवर एक लोखंडी खंजीर मिळाला होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते लोखंड उल्केचे, म्हणजे आकाशातून पडलेले, असल्याचे दिसले. जगातल्या सर्वांत श्रीमंत राजाकडे लोखंड होते ते असे, दुर्मीळ नवलासारखे. त्यानंतर पाच-सहा शतकांनी पेंच नदीच्या काठी नैकुंडला लोक स्वतःच दगडातून लोखंड गाळत होते. तिथे देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची भट्टी सापडली: वळणदार विटांची छोटी गोल भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या, आणि आजूबाजूला लोहकिट्टाचे तुकडे. थडग्यातली कुऱ्हाड आणि ती जिथून आली ती भट्टी, दोन्ही एकाच स्थळी मिळणे हे भारतात फार क्वचित घडले आहे. म्हणून ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने जुनापाणी पाहावी. दोन दिवस असतील तर दुसरा नैकुंडला द्यावा. तिथे पाहायला फारसे काही उरलेले नाही, पण पेंचच्या काठावर उभे राहून मागे वळून पाहिले की सगळी साखळी जुळते.

आता घोड्याविषयी. माहुरझरीच्या काही रिंगणांत माणसाबरोबर घोड्याची हाडे निघाली. तोंडात घालायच्या लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या, आणि घोड्याच्या कपाळावर व तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने, कडांना ठिपक्यांची नक्षी काढलेले. म्हणजे घोडा नुसता पुरला नाही, पोळ्याचा बैल सजवतात तसा सजवून पाठवला. विदर्भाची उष्ण हवा घोड्याला फारशी मानवत नाही. तो बाळगणे तेव्हाही महागडे काम असणार. त्यामुळे घोडा असलेले थडगे मोठ्या माणसाचे, असे अभ्यासक मानतात. एल-काबच्या आहमोसने आपला पराक्रम शब्दांत कोरला. माहुरझरीच्या स्वाराने, किंवा त्याच्या माणसांनी, तो घोड्याच्या कपाळावर बांधला. नाव मात्र राहिले नाही.

हे लोक खात काय? नैकुंडच्या मातीतून मुकुंद काजळे यांनी जळलेले दाणे वेचून ओळखले. त्यांत गहू, जव, मसूर, वाटाणा, उडीद, बोराच्या बिया आहेत, आणि तांदूळही आहे. धानाच्या पट्ट्यातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. खंजीर, घोडा, सोने हे सगळे दूरचे वाटते. पण कोणीतरी शिजवलेल्या भाताचे भांडे आणि त्यातला सांडलेला, चुलीत करपून राहिलेला दाणा हा आपल्या घरातलाच आहे.

दगडाचेही तसेच. आपल्याकडे अंत्यविधीत जीवखडा निवडतात. स्मशानातला एक लहानसा दगड, त्याने मडक्याला भोक पाडायचे, आणि मग दहाव्यापर्यंत तोच मेलेल्या माणसाच्या जागी मानायचा. त्याला पाणी द्यायचे, पिंड त्याच्यासमोर ठेवायचा. ही प्रथा थेट त्या रिंगणांतून आली असे म्हणायला काहीही पुरावा नाही आणि मी तसे म्हणत नाही. पण एक मडके आणि एक दगड यांच्या आधाराने माणसाला निरोप द्यावा असे अडीच हजार वर्षांच्या दोन्ही टोकांना वाटले, एवढे वाटाड्याने जुनापाणीत नक्की सांगावे. ऐकणारा मग दगडांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

पूर्वेला, आमच्या बाजूला आले की चित्र बदलते. नागपूरच्या आसपास दख्खनच्या काळ्या पाषाणाची हद्द संपते आणि पुढे दुसरेच खडक लागतात. थडग्यांचा घाटही तिथून पालटत जातो. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळच्या हिरापूरला गोट्यांच्या रिंगणांऐवजी उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेल्या दगडी खोल्या आणि उभे स्तंभ आढळतात. छत्तीसगडमधल्या बालोदजवळ करकाभाट इथे तर माळच्या माळ अशा दफनांनी भरलेला आहे. 1990-91 मध्ये तिथे अरुणकुमार शर्मा यांनी उत्खनन केले. आणि आणखी दक्षिणेला, गडचिरोलीच्या भामरागडात आणि बस्तरमध्ये, माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावाने शिळा उभी करतात. बस्तरमध्ये तिला उरसकल म्हणतात. गोंडीत कल म्हणजे दगड. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसनने 1938 च्या आपल्या पुस्तकात या शिळांचे सविस्तर वर्णन केले आहे. तिथे थडग्याचा अर्थ सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. शिळा कोणासाठी उभी केली, ती उचलायला कोण कोण गेले, त्या दिवशी कोणी काय रांधले, हे गावातली म्हातारी सांगते. माझ्या मते विदर्भातल्या थडग्यांची यात्रा करणाऱ्याने सर्वांत चांगला वाटाडा तिथे शोधावा, भले तिथे अडीच हजार वर्षांचे काही नसेल.

काही सूचना कडक आहेत. जुनापाणी आणि नागपूरभोवतीची बरीच रिंगणे केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. पण हिंगणा-निलडोहकडे औद्योगिक वसाहत वाढली, घरे आली, आणि रिंगणाचा गोटा हा बांधकामवाल्याला शेवटी गोटाच वाटतो. माळावर पावसाने उघडा पडलेला एखादा मणी दिसला तर तो उचलू नये. मणी कुठे पडला हेच त्याचे खरे मोल असते. खिशात गेला की तो नुसता मणी. रिंगणाच्या मधोमध डबा उघडून बसणारेही दिसतात. संरक्षित स्मारकात असे खाणे नियमानेही मना आहे, आणि नियम नसता तरी दुसऱ्याच्या थडग्यावर बसून पोहे खाणे कसेतरीच दिसते.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्या अखंड भंडारा जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरात प्राचीन अवशेषांना फार थोडी जागा मिळाली आहे. आमगावजवळच्या पदमपूरच्या पडक्या देवळांचा उल्लेख आहे, वा. वि. मिराशींनी पुढे हेच भवभूतीचे गाव ठरवले. आणि त्याच परिच्छेदात, जाता जाता, एक ओळ तिलोता खैरीची: तिथे प्राचीन दगडी थडगी आणि पाषाणस्तंभ आहेत. देवळांचे गाव कामठ्याच्या शेजारचे, तिथे भवभूतीचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. तिलोता खैरीला जायचे तर आधी त्या शिवारात गुरे चारलेला कोणीतरी गाठायला हवा.